सडपातळ शरीरातील स्थूलता : इन्सुलिन प्रतिरोध, संप्रेरके आणि पुण्यातील तीन दशकांचे संशोधन

पुणे : ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये दोन डॉक्टरांचे एकत्रित छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यातील एक होते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील डॉ. जॉन युडकिन. दोघेही अंगकाठीने सडपातळ. उंचीच्या तुलनेत वजन किती, हे सांगणारा त्यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआयही सारखाच, २२.३ होता. प्रचलित निकषांनुसार दोघांचेही वजन योग्य होते. मात्र क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराची घडण मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळले. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हा विरोधाभास ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ या नावाने ओळखला जातो.

भारतात स्थूलतेची चर्चा बहुधा वजनकाट्यापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. शरीराच्या आत घडणाऱ्या बदलांचा, विशेषतः इन्सुलिन प्रतिरोधाचा, विचार करताना हा काटा अपुरा पडतो. चरबी किती आहे यापेक्षा ती कोठे साठली आहे, स्नायू किती आहेत आणि भूक, तृप्ती व साखरेचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांचा परस्परसंवाद शाबूत आहे का, हे प्रश्न अधिक निर्णायक ठरतात. या प्रश्नांची उत्तरे शोधणारे जगातील एक महत्त्वाचे संशोधन पुण्याजवळच्या सहा गावांत तीन दशकांहून अधिक काळ सुरू आहे.

आकडे काय सांगतात

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या काळात देशभरातील १ लाख १३ हजार ४३ प्रौढांची तपासणी त्यासाठी करण्यात आली होती. त्यानुसार ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असून १५.३ टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. लोकसंख्येच्या भाषेत हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १० कोटी १० लाख आणि १३ कोटी ६० लाख होते.

याच सर्वेक्षणातील आणखी दोन आकडे लक्षवेधी आहेत. बीएमआयच्या निकषावर २८.६ टक्के प्रौढ स्थूल ठरले, तर कमरेच्या घेराच्या निकषावर ३९.५ टक्के. याचाच अर्थ, किमान दहापैकी एका प्रौढाच्या पोटावर घातक प्रमाणात चरबी आहे. पण वजनावरून तो स्थूल ठरत नाही. अशी व्यक्ती स्वतःला निरोगी समजते आणि अनेकदा तपासणीच्या कक्षेबाहेर राहते.

इन्सुलिनचे कार्य आणि प्रतिरोध

स्वादुपिंडात लँगरहॅन्सची बेटे या नावाने ओळखले जाणारे पेशींचे लहान लहान समूह असतात. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. जेवणानंतर रक्तातील साखर वाढू लागली की हे संप्रेरक स्रवते आणि प्रामुख्याने तीन ठिकाणी काम करते. स्नायूंच्या पेशींवरील ग्राहकांना ते जोडले जाते, तेव्हा पेशीच्या आत असलेली ‘ग्लूट-४’ ही वाहक प्रथिने पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. यकृताला ते नवी साखर तयार करणे थांबवून आलेली साखर साठवण्याचा संदेश देते. मेदपेशींत साठलेली चरबी विरघळून रक्तात येण्याची क्रियाही ते रोखून धरते.

तेवढ्याच इन्सुलिनचा परिणाम पूर्वीपेक्षा कमी होऊ लागला, की त्या स्थितीला इन्सुलिन प्रतिरोध म्हणतात. शरीर त्यावर तात्पुरता तोडगा काढते. स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करते आणि साखर आटोक्यात ठेवते. हा काळ अनेक वर्षांचा असू शकतो. या काळात उपाशीपोटी केलेल्या साखरेच्या तपासणीचा अहवाल सामान्य येतो. मात्र त्या सामान्य आकड्यासाठी स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट काम करावे लागत असते. बीटा पेशींची ही जादा क्षमता संपली की साखर वाढू लागते. प्रकार दोनच्या मधुमेहाचे निदान होते ते बहुधा या टप्प्यावर; आजाराची सुरुवात मात्र त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

हा प्रतिरोध सर्व अवयवांत सारखा नसतो, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. यकृत साखरनिर्मिती थांबवण्याचा इन्सुलिनचा आदेश जुमानत नाही. पण चरबी तयार करण्याचा आदेश मात्र पाळत राहते. परिणामी रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइड्स दोन्ही वाढतात आणि यकृतात चरबी साठू लागते. त्वचा आणि स्त्रियांच्या अंडाशयांवरही वाढलेल्या इन्सुलिनचा परिणाम होत राहतो. मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत दिसणारा मखमलीसारखा काळसर जाड पट्टा हे अनेकदा त्याचे दृश्य लक्षण असते. हा मळ किंवा उन्हाचा डाग समजून घासण्याची सवय घरोघरी आढळते. प्रत्यक्षात तो रक्ततपासणीचा इशारा मानला पाहिजे.

शोधाचा प्रवास

कॅनडातील टोरंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका रुग्णाला देण्यात आले. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि जॉन मॅक्लाउड यांना मिळाले. मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, अशी समजूत त्यानंतर रूढ झाली. तिला पहिला छेद ब्रिटिश डॉक्टर हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दिला. काही रुग्णांत इन्सुलिन टोचूनही अपेक्षित परिणाम होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

रक्तातील इन्सुलिन अचूक मोजण्याची पद्धत रोझॅलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी विकसित केली. त्यानंतर प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेकांच्या रक्तात इन्सुलिन भरपूर असते, असे निष्पन्न झाले. यॅलो यांना १९७७ मध्ये या पद्धतीसाठी नोबेल मिळाले. बर्सन यांचे त्यापूर्वीच निधन झाले होते. अमेरिकी डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये इन्सुलिन प्रतिरोध, उच्च रक्तदाब आणि रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण यांची सांगड घालून ‘सिंड्रोम एक्स’ ही संकल्पना मांडली. आज ती मेटाबॉलिक सिंड्रोम या नावाने परिचित आहे.

चरबी : कोठार आणि ग्रंथीही

चरबी म्हणजे केवळ साठवलेली ऊर्जा, हा समज गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बदलला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये लेप्टिन हे संप्रेरक शोधून काढले. ते मेदपेशींत तयार होते आणि शरीरात पुरेसा साठा असल्याचे मेंदूतील हायपोथॅलॅमसला कळवते. लेप्टिन जन्मतःच तयार होत नसलेल्या मोजक्या मुलांत ते टोचल्यावर अनावर भूक आटोक्यात आली. त्यामुळे स्थूलतेवर औषध सापडल्याची आशा निर्माण झाली. परंतु बहुसंख्य स्थूल व्यक्तींच्या रक्तात लेप्टिन आधीच अधिक असल्याचे दिसून आले. संदेश पाठवला जातो, पण मेंदू त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही, अशी ही अवस्था आहे.

मेदपेशींतून स्रवणारे ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक इन्सुलिनचा परिणाम वाढवते. चरबी वाढली की त्याचे प्रमाण मात्र घटते. फुगलेल्या मेदपेशींभोवती रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि दाह निर्माण करणारे घटक रक्तात सोडतात. हे घटक इन्सुलिनच्या संदेशवहनात अडथळा आणतात. अमेरिकेत १९९३ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांवर झालेल्या प्रयोगात मेदऊतीतील ‘टीएनएफ-अल्फा’ या घटकाची अशी भूमिका प्रथम स्पष्ट झाली.

जठरातून स्रवणारे घ्रेलिन भूक जागवते. त्याचा शोध जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये लावला. आतड्यातून येणारे ‘जीएलपी-१’ हे संप्रेरक जेवणानंतर इन्सुलिनचा स्राव वाढवते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि तृप्तीची जाणीव देते. अधिवृक्क ग्रंथींतील कॉर्टिसॉल दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास पोटावर चरबी साठते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो.

या व्यवस्थेत झोपेचेही स्थान आहे. शिकागो येथे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री केवळ चार तास झोपू दिले गेले. त्यांच्या रक्तातील लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले. वजन घटवल्यानंतर ते पुन्हा का वाढते, याचेही उत्तर संप्रेरकांत सापडते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले, की आहारनियंत्रणाने वजन कमी केलेल्या व्यक्तींत भूक वाढवणारे संप्रेरकबदल वर्षभरानंतरही कायम होते. वजन पुन्हा वाढलेल्या व्यक्तीला ‘मनावर ताबा नाही’ असे म्हणणे या पार्श्वभूमीवर शास्त्राला धरून नाही.

चरबी कोठे साठते, यावरही बरेच अवलंबून असते. त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी कोठार ठरते. या कोठाराची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते. ते भरले की जादा चरबी पोटातील अवयवांभोवती, यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडातही साठू लागते. तेथे ती इन्सुलिनच्या कामात व्यत्यय आणते. दक्षिण आशियाई लोकांत ही मर्यादा कमी वजनावरच गाठली जाते, असे आढळून आले आहे. बीएमआय २२ असलेल्या भारतीयाला मधुमेह होतो आणि ३० असलेला युरोपीय त्यापासून दूर राहू शकतो, त्यामागचे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

पुण्याजवळची सहा गावे

ही प्रवृत्ती नेमकी केव्हा निर्माण होते, या प्रश्नाचा माग पुण्यात बालकांपर्यंत आणि पुढे गर्भापर्यंत काढण्यात आला. केईएम रुग्णालयात जन्मलेल्या मुलांचा आठव्या वर्षी अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मतः वजन कमी. पण आठव्या वर्षी वजन अधिक, अशा मुलांत इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक आढळला.

त्याआधीच, १९९३ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ हा प्रकल्प सुरू झाला होता. ब्रिटनमधील साउदम्प्टन येथील संशोधक त्यात सहभागी होते. गर्भातील कुपोषण आणि प्रौढ वयातील आजार यांचा संबंध मांडणारे डेव्हिड बार्कर हे त्याच संस्थेतील. या गावांतील विवाहित स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीपासून नोंद ठेवण्यात आली. आहार, श्रम, वजन, रक्तातील घटक अशी माहिती टप्प्याटप्प्याने गोळा झाली आणि १९९४ ते १९९६ या काळातील गर्भवतींच्या बाळांचा पुढे पाठपुरावा करण्यात आला.

या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांतील अनेकजणी घरकामाबरोबर शेतीतही राबत होत्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलो वजनाची, तर तुलनेसाठी घेतलेली साउदम्प्टनची बाळे ३.५ किलोची होती. पुण्याच्या बाळांत पोटातील अवयवांची वाढ आणि स्नायू बरेच कमी भरले. मात्र त्वचेखालील चरबीत तेवढी तूट नव्हती. पाठीवर खवाट्याच्या हाडाखाली मोजलेली चरबी जवळजवळ टिकून होती. दिसायला कृश, पण घडणीने चरबीयुक्त असे हे बाळ वैद्यकीय साहित्यात ‘थिन-फॅट इंडियन बेबी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुणे आणि लंडन येथील नवजात बाळांच्या आणखी एका तुलनेत भारतीय बाळांच्या नाळेतील रक्तात, वजन कमी असूनही, इन्सुलिन अधिक असल्याचे नोंदवले गेले. स्थूलतेशी जोडलेल्या संप्रेरकबदलाच्या खुणा, थोडक्यात, जन्माच्या वेळीच उपस्थित होत्या.

गर्भाला पोषण कमी पडले तर शरीर मेंदूची वाढ जपते आणि स्नायू, स्वादुपिंड, यकृत यांच्या वाढीत काटकसर करते, असे स्पष्टीकरण बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ मध्ये मांडले होते. टंचाईत ही काटकसर जीव वाचवते. तेच मूल पुढे पोटभर खाणाऱ्या, बैठे काम करणाऱ्या जगात वाढले, की कमी स्नायू आणि मर्यादित बीटा पेशी असलेल्या शरीरावर साखरेचा भार पडतो.

जीवनसत्त्व बी-१२ चा धागा

गर्भवतींच्या आहारात एकूण उष्मांक किंवा प्रथिनांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचे सेवन बाळाच्या वाढीशी अधिक निगडित असल्याचे या अभ्यासाने २००१ मध्ये दाखवले. पोट भरणे आणि पोषण होणे यांत फरक आहे, हे त्यातून अधोरेखित झाले.

मुले सहा वर्षांची झाल्यावरचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. त्यांच्या मातांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जणींत गर्भारपणी बी-१२ कमी होते. फोलेटची कमतरता मात्र जवळपास नव्हती. बी-१२ कमी आणि फोलेट अधिक, अशी जोडी असलेल्या मातांच्या मुलांत इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक आढळला. ही दोन्ही जीवनसत्त्वे जनुकांचे कार्य चालू-बंद करणाऱ्या रासायनिक प्रक्रियेत भाग घेतात. त्यांचे संतुलन बिघडल्यास गर्भाच्या चयापचयाची दिशा बदलू शकते, असा त्यामागचा तर्क आहे. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे. बाळाच्या मेरुरज्जूतील दोष टाळण्यासाठी फॉलिक ॲसिड अत्यावश्यक असल्याने गर्भवतींनी ते स्वतःहून थांबवू नये, हेही येथे स्पष्ट करायला हवे.

बी-१२ प्राणिजन्य पदार्थांतूनच मिळते. दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मांस हे त्याचे स्रोत. शाकाहारी घरात, त्यातही दुधाचा वाटा पुरुषांना आणि मुलग्यांना आधी देण्याची पद्धत असेल तेथे, मुली आणि सुना त्यापासून वंचित राहण्याची शक्यता मोठी असते. याच पिढीतील किशोरवयीन मुला-मुलींना बी-१२ देण्याचा ‘प्रिया’ हा चाचणी प्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला. गर्भधारणेनंतर गोळ्या देण्यापेक्षा भावी आई-वडिलांचे पोषण आधीच सुधारावे, ही त्यामागची भूमिका आहे. त्यांना होणाऱ्या बाळांचाही पाठपुरावा करण्यात येत आहे.

या नुकसानाची भरपाई किती लवकर होते, याचा अंदाज प्राण्यांवरील एका प्रयोगातून आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांवर आनंद हर्डीकर आणि याज्ञिक यांच्यासह संशोधकांनी केलेले काम २०१५ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या उंदरांत इन्सुलिन वाढलेले आणि बी-१२ घटलेले होते. त्यानंतरच्या दोन पिढ्यांना पुरेसा आहार मिळूनही ही स्थिती पूर्ववत झाली नाही. प्राण्यांवरील निष्कर्ष माणसांना थेट लागू करता येत नाहीत. तथापि, पिढ्यानपिढ्यांचे कुपोषण एका पिढीच्या सुबत्तेने पुसले जात नाही, असा इशारा त्यात आहे.

अठराव्या वर्षीचा अहवाल

पुण्याच्या सहा गावांतील मुलांची अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी झाली. तपासलेल्या ६१९ जणांपैकी ४८ टक्के तरुण-तरुणींचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी, म्हणजे वैद्यकीय व्याख्येने कमी वजनाचा होता. असे असूनही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्यात साखरेचे नियमन बिघडलेले आढळले. साखर वाढलेल्या आणि न वाढलेल्या गटांच्या बीएमआयमध्ये लक्षणीय फरक नव्हता. ज्यांची साखर अठराव्या वर्षी वाढली, त्यांची उपाशीपोटीची साखर बालपणापासूनच इतरांपेक्षा थोडी अधिक होती आणि वाढत्या प्रतिरोधाला तोंड देण्यास त्यांच्या बीटा पेशी अपुऱ्या पडत होत्या.

या निष्कर्षाने प्रचलित समीकरणाला महत्त्वाची पुरवणी जोडली. इन्सुलिन प्रतिरोध हा आजाराचा एक भाग आहे; बीटा पेशींची जन्मजात मर्यादित क्षमता हा दुसरा. पुण्यात वयाच्या पंचेचाळिशीपूर्वी मधुमेह झालेल्या रुग्णांच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही इन्सुलिनची तीव्र कमतरता असलेला गट सर्वांत मोठा ठरला. युरोपात स्थूलतेशी निगडित मधुमेह ज्या पद्धतीने समजला जातो, तीच चौकट येथे जशीच्या तशी लावता येत नाही.

स्त्रियांचे आरोग्य

गर्भारपणात वारेतून स्रवणारी संप्रेरके आईच्या शरीरात स्वाभाविकपणेच इन्सुलिन प्रतिरोध वाढवतात, जेणेकरून बाळाला साखर मिळत राहावी. ज्या स्त्रीच्या बीटा पेशी या वाढीव मागणीला पुरत नाहीत, तिला गर्भावस्थेतील मधुमेह होतो. बाळंतपणानंतर साखर सामान्य होते आणि बहुतेक जणी पुढची तपासणी विसरतात. या स्त्रियांना पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका बराच अधिक असतो.

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, या विकारातही इन्सुलिनची भूमिका आहे. वाढलेले इन्सुलिन अंडाशयांना पुरुषी संप्रेरके अधिक तयार करण्यास उद्युक्त करते. अनियमित पाळी, चेहऱ्यावरील केस, मुरुमे आणि गर्भधारणेतील अडचणी ही त्याची लक्षणे. सडपातळ मुलींनाही हा विकार होतो. त्यामुळे ‘वजन कमी करा’ एवढाच सल्ला देऊन त्यांना परत पाठवणे पुरेसे नाही.

मोजमाप कसे करावे

आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ पासूनच धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये नमूद केले. भारतात २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा. हा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यानंतर, पोट आत न ओढता मोजावा. शिंप्याची साधी टेप त्यासाठी पुरते.

‘द लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगानेही जानेवारी २०२५ मध्ये केवळ बीएमआयवरून स्थूलतेचे निदान करू नये, कमरेचा घेर किंवा चरबीचे थेट मापन त्याला जोडावे, असे सुचवले. प्रतिरोधाचा अंदाज बांधण्यासाठी संशोधनात उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांवरून काढलेला ‘होमा’ हा निर्देशांक वापरतात. इन्सुलिन मोजण्याच्या पद्धती प्रयोगशाळेनुसार बदलत असल्याने दैनंदिन निदानासाठी तो सरसकट वापरला जात नाही. सामान्य व्यक्तीसाठी कमरेचा घेर, रक्तदाब, साखर किंवा एचबीए१सी, ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल यांचा एकत्रित विचार अधिक उपयुक्त ठरतो.

उपचार आणि मर्यादा

इन्सुलिन प्रतिरोध कमी करता येतो, याचे भारतीय पुरावे उपलब्ध आहेत. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३१ जणांचा समावेश होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आहार-व्यायामातील बदलांमुळे मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन या औषधामुळे २६.४ टक्क्यांनी कमी झाला. अमेरिकेतील अशाच मोठ्या चाचणीत, २००२ मध्ये, जीवनशैलीतील बदलांनी हा धोका ५८ टक्क्यांनी घटला होता. दोन्ही चाचण्या वेगळ्या लोकसमूहांवर झाल्याने त्यांची थेट तुलना सावधपणेच करावी लागते.

जेवणानंतरची साखर प्रामुख्याने स्नायूंमध्ये जाते. मुळातच स्नायू कमी असलेल्या भारतीय शरीराला त्यामुळे चालण्याबरोबर ताकदीच्या व्यायामाचीही गरज असते. ताटात भात-पोळीचा ढीग कमी करून डाळ, उसळ, मोडाची कडधान्ये, पालेभाजी, दही किंवा अंडी यांचा वाटा वाढवणे त्याच दिशेचे पाऊल आहे. भाकरी खाल्ली म्हणजे हवी तेवढी खावी, असे मात्र नाही.

‘जीएलपी-१’ संप्रेरकाच्या धर्तीवरील इंजेक्शनांनी उपचारांचे चित्र बदलले आहे. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये ‘मौंजारो’ या नावाने आणि वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये ‘वेगोव्ही’ या नावाने भारतात दाखल झाले. आंतरराष्ट्रीय चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटले; औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत वाढले. घटणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात. ज्यांच्याकडे स्नायूंची शिल्लक मुळात कमी, त्यांच्यासाठी ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पुरेशी प्रथिने आणि व्यायाम यांच्या जोडीनेच घ्यावीत.

धोरणासमोरील प्रश्न

पुण्यातील संशोधनाने स्थूलता आणि कुपोषण यांना एकाच साखळीत आणून ठेवले आहे. सरकारी यंत्रणेत हे दोन विषय आजही वेगवेगळ्या दालनांत हाताळले जातात. एका ठिकाणी मुलाचे वजन वाढवण्याचे उद्दिष्ट असते, दुसऱ्या ठिकाणी प्रौढाचे वजन घटवण्याचे. केवळ पीठ, तेल आणि साखरेने वाढवलेले वजन स्नायूंत न जाता चरबीत गेले, तर पहिल्या योजनेचे यश दुसऱ्या योजनेचे ओझे होऊ शकते. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेत किशोरवयीनांना दर आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. तिच्यात बी-१२ नसते. पुण्यातील निष्कर्षांच्या प्रकाशात या सूत्राचा विचार करणे हा धोरणाचा विषय आहे.

१९९४ ते १९९६ दरम्यानच्या गर्भारपणांतून जन्मलेल्या त्या सहा गावांतील मुली आता स्वतः आई होण्याच्या वयात आहेत. त्यांच्या आईने गर्भारपणी काय खाल्ले, याची नोंद उपलब्ध आहे. त्यांच्या बाळांच्या वजनाचीही नोंद होत आहे. मधुमेहाचा प्रतिबंध चाळिशीतल्या पुरुषाच्या पोटापासून सुरू करायचा, की शाळकरी मुलीच्या ताटापासून, या प्रश्नाचे उत्तर या नोंदींत साठत आहे. तोपर्यंत कोणत्याही घराला दोन गोष्टी आजच करता येतील : वजनकाट्याशेजारी एक टेप ठेवणे आणि दुधाचा पेला मुलीलाही मुलाइतकाच भरून देणे.